हाताला आज्ञा कोण देतो?

वर्गात एखादा सोपा प्रश्न विचारला की क्षणात वीस-पंचवीस हात वर होतात. त्यात कोणालाच नवल वाटत नाही. परंतु त्या हातांना आज्ञा कोणी दिली आणि ती कोणत्या लिपीत लिहिली होती, या प्रश्नाचा शोध दीडशे वर्षे चालला आहे.

आपल्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या आश्रयाने क्लोरोफॉर्मची चौकशी केली. गुंगीत श्वास आधी थांबतो की हृदय, असा प्रश्न होता. श्वास आधी, असा निकाल त्यांनी दिला. पुढे तो अपुरा ठरला. शरीराची सूत्रे कोठून हलतात हे प्रयोगानेच ठरवावे, अशी त्या पिढीची जिद्द होती.

तीच जिद्द युरोपात मेंदूच्या बाबतीत दिसते. लंडनचे डॉ. ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अपस्माराचे काही रुग्ण पाहिले. झटका अंगठ्यापासून सुरू होई आणि क्रमाने दंडापर्यंत चढे. त्याअर्थी मेंदूतही अवयवांचा काही क्रम असावा, असे त्यांनी अनुमान केले. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह लावला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पाठोपाठ इंग्लंडात डेव्हिड फेरियर यांनी क्लोरोफॉर्मच्या गुंगीतील माकडांवर असेच प्रयोग केले. १९३७ साली माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांवरून माणसाच्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हाताने आणि ओठांनी मोठी जागा व्यापली होती.

मेंदू ही जणू पेटी. पट्टी दाबली की ठरलेला स्नायू वाजतो, असा समज त्यामुळे रूढ झाला. १९८२ साली अपोस्तोलोस जॉर्जोपूलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला धक्का दिला. त्यांनी माकडाला एक दांडा आठ दिशांना सरकवायला शिकवले. प्रत्येक मज्जापेशीची एक आवडती दिशा आढळली; त्या दिशेला ती सर्वाधिक बोले, परंतु इतर दिशांनाही अगदी मुकी राहत नसे. एकट्या पेशीची साक्ष म्हणूनच संदिग्ध. अनेकींच्या मतांची बेरीज केली की हाताची दिशा उमगते. आज्ञा एका हुकूमशहाची नसून पंचायतीची आहे! पेशी दिशा मोजतात की स्नायूंचा जोर, याविषयी मात्र पंडितांत अद्याप एकमत नाही.

या ज्ञानाचे मोल २०२१ साली दिसले. मणक्याच्या दुखापतीमुळे एका गृहस्थाचे हात कित्येक वर्षे निश्चल होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे फ्रँक विलेट, जेमी हेंडरसन आणि कृष्ण शेणॉय यांनी त्याला मनातल्या मनात लेखणीने अक्षरे लिहायला सांगितले. मेंदूच्या हाताच्या क्षेत्रात बसविलेल्या सूक्ष्म तारांनी पेशींची कुजबुज टिपली आणि यंत्राने मिनिटाला सुमारे ९० अक्षरे वाचून दाखविली. शेणॉय २०२३ साली निवर्तले. काम पुढे चालू आहे.

आम्ही शिक्षक मुलांना पाटीवर अक्षर गिरवायला लावतो. ते बोटांत मुरते, असे आम्ही म्हणत आलो. बोटे थकली, वाट तुटली, तरी ते अक्षर आत शाबूत राहू शकते, हे आता कळले. म्हणून ज्याचा हात हलत नाही, त्याची इच्छाही मावळली असे कोणी समजू नये. त्याने कदाचित केव्हाच हात वर केलेला असेल. आपल्याला तो दिसत नाही, इतकेच.