पंचावन्नचा आकडा : पेट्रोलचा भाव आणि गाडीचा वेग

नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत आले. पेट्रोल आणि रॉकेलच्या दरवाढीचा तो निषेध होता आणि आजही भाव वाढले की ते दृश्य समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. त्याच महिन्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन दूरचित्रवाणीवरून आपल्या नागरिकांना गाड्या हळू चालवण्याची विनंती करत होते. दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचे उत्पादन कमी केले, अमेरिकेला होणारा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचे पिंप सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेले.

वेगावर मर्यादा घालून टंचाईला तोंड देण्याचा प्रयोग अमेरिकेला नवा नव्हता. १९४२ मध्ये तिथे ताशी ३५ मैलांची मर्यादा देशभर लागू झाली होती. गंमत अशी, की तेव्हा वाचवायचे होते ते पेट्रोल नव्हे, रबर. जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे ताब्यात घेतल्यामुळे टायर मिळेनासे झाले होते.

१९७३ मध्ये निक्सन यांना मोटारींसाठी ताशी ५० मैलांची मर्यादा हवी होती. ट्रकचालक खवळले. आमच्या ट्रकची इंजिने आणि गिअर याहून अधिक वेगाला अनुकूल आहेत, हळू चालवून आमचा वेळही जाईल आणि डिझेलही, असे त्यांचे म्हणणे होते. महामार्गांवर रास्ता रोको झाले. अखेर सर्वांसाठी ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, हा मधला आकडा निघाला आणि २ जानेवारी १९७४ रोजी निक्सन यांनी कायद्यावर सही केली. म्हणजे पुढे दोन दशके अमेरिकेच्या रस्त्यारस्त्यांवर झळकलेला हा आकडा प्रयोगशाळेत मोजून काढलेला नव्हता. तो वाटाघाटीतून आला होता.

मग भौतिकशास्त्र काय सांगते? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते. पहिली म्हणजे टायर. चाक फिरताना टायर दबतो आणि पुन्हा फुलतो, त्यात ऊर्जा खर्ची पडते. वेग बदलला तरी हा रोध फारसा बदलत नाही. दुसरी म्हणजे हवा. तिचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक टन वजनाची, साधारण बांध्याची छोटी मोटार घेऊ. तिच्या टायरांचा रोध सुमारे १२० न्यूटन धरला, तर हवेचा रोध ताशी ५० किलोमीटरला ८० न्यूटनच्या आसपास, ८० ला २०७, १०० ला ३२४ आणि १२० ला ४६७ न्यूटन भरतो. ताशी साठपर्यंत टायरांचे पारडे जड असते, त्यापुढे हवेचे.

एवढेच असते, तर गाडी जितकी हळू तितकी बचत जास्त, असा सरळ निष्कर्ष निघाला असता. पण इंजिनाचे स्वतःचे खाणे असते. त्याचे अंतर्गत घर्षण, पंप, विजेचा पुरवठा आणि वातानुकूलन यांवरचा खर्च किलोमीटरवर नव्हे, तर मिनिटांवर चालतो. गाडी जितकी रेंगाळेल, तितका हा खर्च प्रत्येक किलोमीटरमागे वाढतो. एक खर्च वेगाच्या व्यस्त प्रमाणात, दुसरा वर्गाच्या प्रमाणात. दोन्हींची बेरीज केली की आलेखात मधे एक उथळ दरी तयार होते आणि तिचा तळ हाच काटकसरीचा वेग. विद्यार्थ्यांनी अवकलन करून पाहावे: हा वेग स्थिर खर्चाच्या घनमुळाच्या प्रमाणात येतो. स्थिर खर्च दुप्पट झाला, तरी तळ सुमारे २६ टक्केच पुढे सरकतो. दरी उथळ असल्यामुळे तळापासून थोडे इकडे-तिकडे झाल्याने विशेष बिघडत नाही; उजवीकडचा चढ मात्र झपाट्याने उंच होत जातो.

अमेरिकेतील बचत अपेक्षेपेक्षा तोकडी ठरली. नंतरच्या अंदाजांनुसार ती एक-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होती. याचे एक कारण असे, की एकूण पेट्रोलपैकी मोठा भाग शहरांत जळतो आणि तिथे ५५ मैलांचा प्रश्नच येत नाही. दुसरे कारण, लोकांनी कायदा मनावर घेतला नाही. माँटाना राज्यात तर दंड अवघा ५ डॉलर होता आणि तोही वेगासाठी नव्हे, इंधनाच्या अपव्ययासाठी! मात्र १९७३ मध्ये सुमारे ५४ हजार असलेले अपघाती मृत्यू १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आले. त्यात महाग पेट्रोलमुळे घटलेल्या प्रवासाचाही वाटा होता. पेट्रोलसाठी केलेला कायदा पुढे टिकला, तो प्रामुख्याने या मृत्यूंच्या आकड्यांवर. १९८७ मध्ये तो सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्द झाला. इंधनाची खरी बचत साधली ती १९७५ च्या दुसऱ्या एका कायद्याने. नव्या मोटारींनी १९८५ पर्यंत सरासरी गॅलनला २७.५ मैल धावले पाहिजे, अशी अट त्याने उत्पादकांवर घातली. चालकाच्या पायापेक्षा कारखान्यातला आराखडा बदलणे अधिक फलदायी ठरले.

भारताने कायद्याऐवजी उपदेशाची वाट धरली. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजेच पीसीआरए, स्थापन झाली आणि ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवा’ हा तिचा सल्ला घरोघरी पोहोचला. पुन्हा पंचावन्न, पण इथे मैल नव्हेत, किलोमीटर. ८० ऐवजी या वेगाने गेल्यास ४० टक्क्यांपर्यंत जास्त अ‍ॅव्हरेज मिळते, हा तिचा दावा इंडियन ऑइलने भारतीय मोटारींवर घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेला होता. तो फुगवलेला वाटतो, पण वरचे आकडे ताडून पाहा. आपल्या गाडीला ५० ला एकूण २०० न्यूटन रोध आहे आणि ८० ला ३२७, म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक. भार वाढल्यावर इंजिन थोडे अधिक कार्यक्षम होते, म्हणून इंधनातला फरक त्याहून कमी राहतो. चार गिअरच्या, चौकोनी बांध्याच्या त्या काळच्या गाड्यांना हा हिशेब चांगलाच लागू पडत असणार.

माझ्या मते या सल्ल्यातला कच्चा दुवा वेगळा आहे. तो एकसारख्या वेगाविषयी बोलतो आणि आपली शहरे एकसारखा वेग देतच नाहीत. ताशी ५० ने धावणाऱ्या या एक टनी गाडीत सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नलला ब्रेक दाबला की तिची उष्णता होऊन ती हवेत जाते. तेवढ्याच ऊर्जेत ती गाडी त्याच वेगाने जवळपास अर्धा किलोमीटर गेली असती. दर अर्ध्या किलोमीटरला थांबावे लागले, तर इंजिनाला दुप्पट कार्य करावे लागते आणि तिथे पंचावन्नचा उपदेश ऐकून काही उपयोग नसतो.

आता महामार्गांचे पाहू. पूर्वीच्या भारतीय चाचणी-चक्रात गाडीचा वेग ताशी ४२ च्या वर जात नसे. मोटारींसाठी आलेल्या सुधारित चक्रात ही कमाल मर्यादा ९० झाली. २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, २०१७ पासून ते रोज बदलू लागले आणि २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२० पर्यंतची मुभा दिली. ३०० किलोमीटरचा प्रवास १०० ऐवजी १२० ने केला, तर अर्धा तास वाचतो, पण रोध ३२ टक्क्यांनी वाढतो. इंधन त्यापेक्षा कमी, समजा एक चतुर्थांशाने वाढले आणि १०० च्या वेगाला गाडी १८ चे अ‍ॅव्हरेज देत असली, तर चार लिटरहून थोडे अधिक पेट्रोल जादा जळते. लिटरला शंभर रुपये धरले, तर त्या अर्ध्या तासाचे सुमारे ४०० रुपये होतात. प्रमाणपत्रावर छापलेल्या अ‍ॅव्हरेजमध्ये हे ४०० रुपये कुठेच दिसत नाहीत, कारण त्या चाचणीत गाडी ९० च्या पुढे जातच नाही.