व्हिएन्ना बालगायकवृंद

व्हिएन्ना बालगायकवृंद हा ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मुलांचा व्यावसायिक गायकवृंद आहे. जर्मन भाषेत तो ‘वीनर झेंगरक्नाबेन’ आणि इंग्रजीत ‘व्हिएन्ना बॉइज कॉयर’ या नावाने ओळखला जातो. त्याची परंपरा पाचशे वर्षांहून अधिक जुनी असली, तरी त्यातील कोणताही गायक काही वर्षांपेक्षा अधिक काळ त्यात राहू शकत नाही. कंठ फुटला की मुलाला वृंद सोडावा लागतो.

इतिहास

दरबारी काळ

इ.स. १४९८ मध्ये राजा माक्सिमिलियान पहिला (पुढे पवित्र रोमन सम्राट) याने आपल्या दरबारी संगीताची व्यवस्था व्हिएन्ना येथे लावली. या संगीतमंडळात गाणाऱ्या मुलांचाही समावेश करण्यात आला. म्हणून हेच वर्ष वृंदाचे स्थापनावर्ष मानले जाते. मंडळाचे नेतृत्व गेओर्ग स्लाटकोनिया याच्याकडे होते. तो १५१३ मध्ये व्हिएन्नाचा बिशप झाला. त्या काळी चर्चमधील गायनात स्त्रियांना स्थान नव्हते. त्यामुळे उंच पट्टीतील स्वरांसाठी मुलांची आवश्यकता भासे. १९१८ पर्यंत ही मुले केवळ दरबारासाठी गात असत. राजप्रासादातील प्रार्थना, खासगी मैफली आणि राजसमारंभ एवढेच त्यांचे क्षेत्र होते.

प्रख्यात संगीतकार फ्रान्झ शुबर्ट १८०८ मध्ये या दरबारी वृंदात दाखल झाला. गायनाबरोबर त्याला उत्तम शालेय शिक्षण आणि दरबारी संगीतप्रमुख आंतोनियो सालिएरी याचे मार्गदर्शन लाभले. १८१२ मध्ये कंठ फुटल्याने त्याचे वृंदातील गायन संपले. योसेफ हायडन यालाही पुष्कळदा या वृंदाचा माजी सदस्य समजले जाते; प्रत्यक्षात तो व त्याचा भाऊ मिखाएल हे सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या वृंदात गात असत.

स्वतंत्र संस्था

पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळले आणि वृंदाचा राजाश्रय संपला. काही काळ खंडित झालेली ही परंपरा दरबारी चॅपेलचे धर्मगुरू योसेफ श्निट यांच्या प्रयत्नांमुळे टिकली. १९२४ मध्ये त्यांनी वृंदाची खासगी संस्था म्हणून पुनःस्थापना केली. ‘वीनर झेंगरक्नाबेन’ हे नाव याच काळातील आहे. मुलांचा लष्करी पद्धतीचा गणवेश जाऊन त्या जागी खलाशी पोशाख आला, आणि पुढे तोच वृंदाची ओळख ठरला.

मुलांचा निर्वाह व शिक्षण यांसाठी पैसा अपुरा पडू लागल्याने १९२६ पासून चॅपेलबाहेर कार्यक्रम होऊ लागले. चर्चमधील रचनांना लोकगीते, वॉल्ट्झ आणि मुलांसाठीच्या संगीतिका यांची जोड मिळाली. १९३२ मध्ये अमेरिका, १९३४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि १९३६ मध्ये दक्षिण अमेरिका असे दौरे झाले. अशा रीतीने दरबारासाठी गाणारा वृंद स्वतःच्या मिळकतीवर चालणारी संस्था बनला. १९४८ पासून आउगार्टन उद्यानातील प्रासाद हे त्याचे निवासस्थान आहे.

रचना व शिक्षण

वृंदात साधारणतः ९ ते १४ वर्षे वयाची सुमारे १०० मुले असतात. ती चार तुकड्यांत विभागलेली असून तुकड्यांना हायडन, मोझार्ट, शुबर्ट आणि ब्रुकनर यांची नावे दिली आहेत. यांपैकी आंतोन ब्रुकनर हा दरबारी चॅपेलचा ऑर्गनवादक होता. चारही तुकड्या मिळून वर्षाला सुमारे ३०० कार्यक्रम करतात. प्रत्येक तुकडी वर्षातील ९ ते ११ आठवडे दौऱ्यावर असते. उरलेला काळ शाळा व सराव यांसाठी राखलेला असतो. संस्थेच्या स्वतःच्या शाळा आहेत.

किशोरवयात स्वरयंत्राची वाढ होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. हा बदल प्रत्येक मुलात वेगवेगळ्या वयात होतो. त्यामुळे वृंदात सतत नव्या मुलांची भर घालावी लागते. आवाज फुटलेल्या मुलांना पुढील शिक्षणाची सोय असल्याने त्यांचे शाळेशी असलेले नाते तुटत नाही.

गायन व कार्य

हॉफबुर्ग प्रासादाच्या चॅपेलमधील रविवारच्या प्रार्थनेत गाण्याची जुनी प्रथा आजही चालू आहे. तेथे व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक व स्टेट ऑपेराचे पुरुष गायक मुलांना साथ देतात. मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेतील तीन मुलांच्या भूमिका व्हिएन्नात या वृंदातील मुले करतात. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन याने ‘द गोल्डन व्हॅनिटी’ ही रचना खास या वृंदासाठी केली. तिचा पहिला प्रयोग १९६७ मध्ये झाला. वृंदाचेच माजी गायक गेराल्ड विर्थ २००१ मध्ये कलासंचालक झाले. त्यांच्या काळात विविध देशांच्या संगीतालाही कार्यक्रमांत स्थान मिळाले.

अलीकडील काळ

२००४ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद स्थापन झाला. २०१२ मध्ये आउगार्टन येथे ‘मुट’ हे सुमारे ४०० आसनांचे सभागृह सुरू झाले. २०१७ मध्ये वृंदाच्या गायनपरंपरेचा समावेश युनेस्कोच्या ऑस्ट्रियातील अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. २०२० मध्ये करोना साथीमुळे दौरे थांबले आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या संस्थेपुढे आर्थिक संकट उभे राहिले. १ जानेवारी २०२३ रोजी व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्ष मैफलीत मुलांबरोबर मुलींचा वृंदही प्रथमच गायला.