शिक्षा संपते, शिक्का राहतो

शिक्षा भोगली म्हणजे अपराध फिटला, अशी सामान्य समजूत आहे. राज्याची हद्द ओलांडतांना ती टिकत नाहीं. दारूच्या अमलांत मोटार हांकल्याबद्दल एकदां दंड भरलेल्या अमेरिकन गृहस्थास पुढें कॅनडाच्या नाक्यावरून परत फिरावें लागतें. तें कां, हें कळण्यास कॅनडाच्या कायद्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

तेथील फौजदारी कायद्यांत हा अपराध 1921 मध्यें दाखल झाला. धुंदी ओळखण्याचें साधन तेव्हां पोलिसाचे डोळे व नाक एवढेंच होतें. 1969 मध्यें श्वासपरीक्षा सक्तीची झाली, आणि 100 मिलिलिटर रक्तांत 80 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां गाडी चालविणें हाच अपराध ठरला.

हा झाला रस्त्याचा कायदा. वेशीचा कायदा वेगळा. 2001 सालीं संमत झालेल्या प्रवेशविषयक कायद्याप्रमाणें, ज्या कृत्यास कॅनडांत दहा वर्षें किंवा अधिक कैद होऊं शकते तें ‘गंभीर’ होय. मूळ देशांत प्रत्यक्ष शिक्षा किती झाली हें येथें गौण. पाहुण्याचा पूर्वेतिहास यजमानाच्या तराजूंत तोलला जातो. या अपराधाची सामान्य कमाल शिक्षा पांच वर्षें होती, तोंवर तो गंभीर गणला जात नसे. असा एकच अपराध असून शिक्षा पुरी झाल्यावर दहा वर्षें लोटलीं, कीं माणूस सुधारला असें कायदाच गृहीत धरी.

18 डिसेंबर 2018 रोजीं ती कमाल शिक्षा दहा वर्षांवर गेली. हेतु रस्त्यावरील प्राणहानि टाळण्याचा. पण या एका आंकड्यानें वेशीवरचा हिशेब पालटला. तेव्हांपासून घडलेल्या अपराधास नुसत्या कालगतीनें मिळणारी क्षमा बंद झाली. शिक्षेनंतर पांच वर्षांनीं अर्ज करून आपण सुधारल्याचें पटविणें, किंवा सबळ कारण दाखवून तात्पुरता परवाना मागणें, हेच मुख्य मार्ग उरले.

आपल्याकडील 1988 चा मोटार वाहन कायदा पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंतच कैद सांगतो. परंतु पुण्यामुंबईंत दंड भरून मोकळा झालेला तरुण टोरांटोस शिकावयास निघाला, आणि त्याचें कृत्य तेथील व्याख्येंत बसलें, तर त्यासहि तेंच माप लागतें.

धुंद सारथ्यानें माणसें मरतात, आणि वेशीचें रक्षण हा राज्याचा अधिकार आहे; याविषयीं आमचा वाद नाहीं. पण रस्त्यासाठीं शिक्षा वाढवितांना वेशीच्या कायद्यांत या अपराधापुरता अपवाद ठेवतां आला असता. दंडास जशी मर्यादा असते तशी दंडाच्या स्मरणासहि असावी. ती नसेल तर सुधारणाऱ्या माणसानें कोणत्या दिवसाची वाट पाहावी?