तळ्यावरचे शहर, खडकावरचे मैदान

१९८६ साली मी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात इमारतींच्या रचनाशास्त्राचा विद्यार्थी होतो. आदल्या सप्टेंबरात मेक्सिको सिटीला भूकंपाने हादरवले होते आणि आमच्या विभागातली निम्मी मंडळी त्या विषयाने झपाटली होती. पडलेल्या इमारतींवर बड्या लोकांचे अहवाल निघून गेले होते. माझ्या मार्गदर्शकांना रस होता तो पडता पडता राहिलेल्यांत. त्यांनी मला उन्हाळ्यात सहा आठवडे तिकडे धाडले. लारेडोला सीमा ओलांडून, माँटेरेमार्गे बसने, जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र आंबून मी मे महिन्याच्या अखेरीस त्या शहरात उतरलो. खिशात तडे मोजायची पारदर्शक पट्टी होती आणि १० जूनच्या अर्जेंटिना-बल्गेरिया सामन्याचे तिकीट. त्या तिकिटापायी मी दोन महिने कॉफी सोडली होती.

फुटबॉलच्या विश्वचषकाला दोन दिवस होते. विमानतळापासून चौकाचौकापर्यंत सोंब्रेरो घातलेली, मिशाळ मिरची झळकत होती. पिके हे त्या स्पर्धेचे बोधचिन्ह. तिच्या जोडीला भूकंपानंतरची घोषणा : मेक्सिको अजून उभा आहे. त्याच भिंतींवर घाईघाईने रंगवलेली दुसरी घोषणाही दिसे : आम्हांला गोल नकोत, घेवडा हवा. स्पॅनिशमध्ये गोलेस आणि फ्रिहोलेस यांचे यमक जुळते. मराठीत त्यातली गंमत उरत नाही, राग तेवढा उरतो.

३१ मेचा उद्घाटनाचा सोहळा मी एका खाणावळीत, भिंतीवर टांगलेल्या टीव्हीवर पाहिला. राष्ट्राध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद बोलायला उभे राहिले आणि अझ्टेका मैदानातल्या लाखभर लोकांनी शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली. तिकडे शिट्टी ही दाद नसते, ती हुर्यो असते. भाषण त्या आवाजात बुडून गेले. खाणावळीतली माणसे हसली नाहीत, ओरडलीही नाहीत. ती नुसती मान हलवत जेवत राहिली. मला वाटते, त्या क्षणापासून मी तड्यांइतकाच या स्पर्धेचाही अभ्यास करू लागलो. पुढे चाळीस वर्षे नोकरी आणि संसार यांतून सवड काढून जे वाचले, त्याची सुरुवात त्या खाणावळीतली.

मुळात ही स्पर्धा मेक्सिकोची नव्हतीच. ती कोलंबियाला दिली गेली होती. १९८२ च्या ऑक्टोबरात कोलंबियाचे अध्यक्ष बेलिसारियो बेतांकुर यांनी आम्हांला हे परवडणार नाही असे सरळ सांगून टाकले. १९८३ च्या मेमध्ये स्टॉकहोमला बैठक झाली. अमेरिकेच्या बाजूने खुद्द हेन्री किसिंजर गेले होते. तरी मान मिळाला मेक्सिकोला. आता गंमत अशी, की त्याच १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने कर्जाचे हप्ते भरता येत नाहीत असे जगाला कळवले होते. कोलंबियाला न परवडलेली गोष्ट दिवाळे वाजलेल्या मेक्सिकोला कशी परवडली? याचे उत्तर मैदानांत आहे आणि टेलिव्हिजनमध्ये. १९७० च्या विश्वचषकाची मैदाने तयार होती. शिवाय तिथली बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनी तेलेविसा आणि फुटबॉलची सत्ता ही एकाच घरची माणसे होती. गिय्येर्मो कान्येदो हे तेलेविसाचेही होते आणि फिफाचे उपाध्यक्षही. युरोपातल्या प्रेक्षकांना संध्याकाळी सोयीचे जावे म्हणून सामने भर दुपारी बारा वाजता, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवरच्या उन्हात लावले गेले. मॅराडोना आणि वाल्दानो यांनी तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाही. आमच्या पुण्याच्या घरी तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत. वडील पत्रात लिहीत, तू तिथे आहेस आणि झोपमोड आमची होते.

मग १९ सप्टेंबर १९८५ उजाडला. सकाळी सव्वासात-साडेसातच्या दरम्यान, मिचोआकानच्या किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर, ८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. इतक्या दूरच्या धक्क्याने राजधानीत इमारती का पडाव्यात? अझ्टेकांचे तेनोच्तित्लान हे तेक्सकोको तळ्यातल्या बेटावरचे नगर होते. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते जिंकले, त्याच जागी आपली राजधानी बांधली आणि मग पुढची चार शतके तळे उपसून टाकण्यात घालवली. सतराव्या शतकात तर एका महापुराने शहर सलग पाच वर्षे पाण्यात ठेवले होते. पाणी गेले, पण तळाचा गाळ राहिला. गणपतीच्या कारखान्यात शाडूची ओली माती तिंबून ठेवतात, तिच्यावर थाप मारली की ती बराच वेळ थलथलत राहते. हा गाळ त्याहून ओला, त्यात मातीपेक्षा पाण्याचेच वजन जास्त. दूरवरून आलेल्या लाटा त्यात शिरल्या आणि गाळ आपल्या लयीत, साधारण दोन सेकंदांना एक झोका असा डोलू लागला. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला की तो उंच जातो, तसे त्या लयीच्या जवळपास डोलणाऱ्या इमारतींचे झाले. त्या होत्या ढोबळमानाने सहा ते पंधरा मजल्यांच्या. बैठी घरे पुष्कळशी वाचली. १९५६ चा ४४ मजली तोर्रे लातिनोआमेरिकाना हा मनोराही उभा राहिला. गाळावरच्या यंत्राने टिपलेला जोर खडकावरच्या यंत्राने टिपलेल्या जोराच्या सुमारे पाचपट होता.

तो खडक शहराच्या दक्षिणेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शित्ले नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याचा लाव्हा थिजून पेद्रेगाल हा काळा दगडी मुलूख झाला. राष्ट्रीय विद्यापीठ त्यावर आहे. विद्यापीठाचे मैदान त्यावर आहे. पेद्रो रामिरेस वास्केस आणि राफाएल मिहारेस यांनी बांधलेले, १९६६ साली खुले झालेले अझ्टेका मैदानही त्याच दगडात बसवलेले आहे. भूकंपात त्याला काही झाले नाही. जगाला हे दाखवले गेले ते राष्ट्राच्या जिद्दीचे चिन्ह म्हणून. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात जिद्दीआधी लाव्हा दिसतो.

१० जूनला मी विद्यापीठाच्या मैदानात सामना पाहिला. वाल्दानोने सुरुवातीलाच गोल केला, उत्तरार्धात बुरुचागाने दुसरा. मॅराडोनाला मी साठ-सत्तर मीटरवरून पाहिले. तो चालत असतानाही बल्गेरियाची दोन माणसे त्याच्याबरोबर चालत, एवढे आठवते. प्रेक्षकांत उठती-बसती लाट फिरे. पायाखाली ती कुठेच जाणवत नव्हती, आणि मी मूर्खासारखा फळीखालच्या काँक्रीटला हात लावून पाहत होतो.

माझे काम मात्र उत्तरेला, गाळावर होते. त्लातेलोल्को आणि त्याला लागून असलेल्या गेरेरो वस्तीत. या एका जागेवर मेक्सिकोचा इतिहास इतक्या वेळा येऊन पडला आहे, की कादंबरीकाराने असे लिहिले तर आपण म्हणू, फार झाले. १५२१ च्या ऑगस्टमध्ये अझ्टेकांचा शेवटचा प्रतिकार इथे मोडला. त्या देवळांचे अवशेष, त्यांच्याच दगडांतून उभे केलेले चर्च आणि मारियो पानी या वास्तुविशारदाची १९६४ ची प्रचंड आधुनिक वसाहत एकमेकांशेजारी आहेत, म्हणून त्या चौकाचे नाव तीन संस्कृतींचा चौक. २ ऑक्टोबर १९६८ च्या संध्याकाळी इथे विद्यार्थ्यांची सभा भरली होती. वक्ते चिवावा नावाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर होते. सैन्याने चौक घेरला, गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडा काही डझनांचा, इतरांचे अंदाज शेकड्यांचे. दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, त्याच शहरात ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. अझ्टेका मैदान बांधणारे रामिरेस वास्केस त्या ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे अध्यक्ष होते.

या गोळीबाराचा एक धागा आपल्याकडे येतो. कवी ओक्तावियो पाझ तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. बातमी कळल्यावर त्यांनी पद सोडले. देश सोडताना ते मुंबईहून बोटीने गेले आणि जाण्यापूर्वी घारापुरीच्या लेण्यांत जाऊन आले. मी लहानपणी शाळेच्या सहलीत त्या लेण्यांत डबा खाल्ला आहे. त्या त्रिमूर्तीचा आणि त्लातेलोल्कोचा काही संबंध असेल, हे मला मेक्सिकोत कळले.

सतरा वर्षांनी त्याच वसाहतीतली नुएवो लेओन ही पंधरा मजली इमारत कोसळली. तिचे तीन भाग होते, त्यांतले दोन आडवे झाले. गायक प्लासिदो दोमिंगो यांचे नातेवाईक त्यात होते. ते स्वतः ढिगाऱ्यावर उभे राहून दिवसचे दिवस खणत होते. रहिवासी पायाबद्दल, कलण्याबद्दल भूकंपाआधी कित्येकदा तक्रारी करून चुकले होते. मी गेलो तेव्हा तिथे मोकळी जागा होती, इतकी स्वच्छ झाडलेली की तीच भीती वाटे. भूकंपात एकूण किती माणसे गेली यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडे काही हजारांत थांबतात, इतरांचे त्याच्या कित्येक पट जातात. सान आन्तोनियो आबाद रस्त्यावर शिवणकामाचे कारखाने होते. तिथे मालकांनी बायकांच्या आधी यंत्रे बाहेर काढली, ही हकिकत मी अनेकींच्या तोंडून ऐकली. त्या बायकांनी महिन्याभरात आपली संघटना उभी केली आणि तिला तारखेचेच नाव दिले : १९ सप्टेंबर.

माझा मुक्काम गेरेरोतल्या एका वेसिंदादमध्ये होता. वेसिंदाद म्हणजे आपला वाडाच : मधे चौक, भोवती बिऱ्हाडे, पाण्याचा नळ सामायिक, भांडणे सामायिक. साम्य आणखी खोल आहे. १९४० च्या दशकात तिथे घरभाडी गोठवली गेली, तशी आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. परिणामही तोच. भाडे नाममात्र, म्हणून मालक खिळासुद्धा ठोकत नाही आणि भिंत पडायची वाट पाहतो. भूकंप ही मालकांना चालून आलेली संधी होती. ती त्यांना मिळाली नाही. कारण ऑक्टोबरातच बेघरांच्या संघटना एकत्र आल्या, मोर्चे निघाले आणि सरकारने सुमारे ५,५०० मिळकती ताब्यात घेऊन तिथल्याच भाडेकरूंसाठी घरे बांधायचे ठरवले. पुढच्या दोनेक वर्षांत ४०,००० हून अधिक घरे झाली. पुण्यातल्या वाड्यांचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे.

या घरांबाबतचा करार सरकार आणि संघटना यांच्यात झाला तो मे १९८६ मध्ये, स्पर्धा सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. योगायोग म्हणणारे अभ्यासक आहेत. मला तसे वाटत नाही. जगभरचे कॅमेरे येणार होते आणि रस्त्यांवर पत्र्याच्या झोपड्यांत हजारो माणसे होती. तंबू हलवायला सैन्य आणायचे, तर १९६८ विसरलेले कुणी नव्हते. विश्वचषकाने मेक्सिकोतल्या गरिबाचे काही भले केले असे मी म्हणणार नाही, पण गरिबांनी विश्वचषकाचा दाब ओळखून वापरला, हे म्हणेन. शिट्ट्या वाजवणारे आणि गोल झाल्यावर एंजलच्या स्तंभापाशी रात्रभर नाचणारे लोक वेगळे होते, असे मानण्याचेही कारण नाही. मी ज्यांच्याकडे राहिलो ती माणसे दोन्ही करत होती.

घरमालकीण बाई साठीच्या होत्या. सगळे त्यांना दोन्या म्हणत, म्हणजे बाईसाहेब. आयुष्यभर शिवणकाम केलेले, आता पाळीपाळीने झोपडी आणि वेसिंदाद अशी राहणी, कारण रात्री छपराखाली झोपायचा त्यांना धीर होत नसे. त्यांच्या खोलीच्या भिंतीला जिन्यासारखा वर चढत गेलेला तडा होता. त्यावर मी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने दोन्ही कडांना चिकटवली. ही आमची जुनी युक्ती. तडा सरकला तर काच फुटते. काय केले ते मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावले. त्यांनी पट्टीशेजारी पेन्सिलने तारीख घातली.

१५ जूनला, रविवारी दुपारी, मेक्सिको आणि बल्गेरिया. चौकात टीव्ही आणला होता, वायर खिडकीतून. चौतिसाव्या मिनिटाला नेग्रेतेने अंग हवेत आडवे टाकून कात्रीसारख्या पायांनी तो गोल मारला, जो आजही दाखवतात. चौकातली पन्नास-साठ माणसे एकदम उड्या मारू लागली. मीही मारल्या. पाहतो तर बाई खुर्चीतून उठून आत गेल्या होत्या. मागोमाग गेलो. त्या चष्मा लावून काचेला नाक टेकवून उभ्या होत्या. काच शाबूत होती. त्यांनी बोटाने ती एकदा वरून खाली तपासली, मला बाजूला सारून बाहेर आल्या आणि पुढे बसलेल्या पोरांना नाचायचे तर रस्त्यावर जा म्हणून दटावले. उत्तरार्धात सेर्विनने डोक्याने दुसरा गोल केला तेव्हा चौक जवळजवळ रिकामा होता; सगळे रस्त्यावर उड्या मारत होते, आणि टीव्हीपुढे आम्ही दोघेच होतो.