मांजर, माती आणि घराची भुई

काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्म नगरात लावून दिला. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. अशा जिल्ह्याविषयी लिहिताना मांजराच्या मुतापासून आरंभ करणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु घराचा इतिहास दिवाणखान्यापेक्षा मोरीत आणि परसात अधिक सापडतो, असे माझे मत आहे.

कारंज्याच्या बाजूला आमचे जुने मातीचे घर होते. ते पाडून तेथे स्लॅबचे घर झाले. खाली गुळगुळीत टाइल्स आल्या आणि चिखल नको म्हणून अंगणही सिमेंटचे झाले. जुन्या घरात सात वर्षे निमूटपणे राहिलेल्या मांजरीने नव्या घरात महिन्याभरातच आधी तुरीच्या पोत्यावर आणि मग माझ्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर घाण करण्यास आरंभ केला. आत्याने निकाल दिला : “हे मांजर नासलं आता. पोत्यात घालून सोडून द्या त्याले नदीपल्याड.” पोत्यात घालून दूर नेऊन सोडणे हा प्रकार आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्याला कोणी शिक्षा म्हणतही नाही. अनोळखी गावात, कुत्र्यांच्या तोंडी, घरात वाढलेल्या मांजराचे पुढे काय होते हे कोणी पाहण्यास जात नाही. आत्याच्या ‘नासलं’ या शब्दाने मात्र मी अडखळलो. सात वर्षे शहाणे असलेले जनावर एका महिन्यात नासते म्हणजे नेमके काय होते?

आधी शब्दाकडे पाहू. ‘मांजर’ हा शब्द प्राकृतमार्गे संस्कृत ‘मार्जार’ या शब्दाकडे जातो आणि त्याचे मूळ पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या ‘मृज्’ धातूत आहे. केर काढण्याला ‘संमार्जन’ म्हणतात तेही त्याच धातूवरून. म्हणजे स्वतःला सतत चाटून पुसून घेणारा तो मार्जार. आपल्या भाषेने या प्राण्याची ओळख त्याच्या शिकारीवरून नव्हे, स्वच्छतेवरून करून दिली आहे.

धर्मशास्त्रकारांना मात्र या स्वच्छतेचे काय करावे हे नीट ठरविता आलेले नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजराने तोंड घातलेले अन्न खाल्ल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. पराशरस्मृती मात्र मांजराला माशी, किडा, बेडूक यांच्या पंगतीला बसवून म्हणते की, हे प्राणी शुद्धाशुद्ध सर्वांना शिवले तरी अन्न उष्टे होत नाही; आणि हे सांगताना आधार घेते तो मनूचाच! ज्या घरात रोज मांजर वावरते तेथे रोज प्रायश्चित्त कोण घेणार? शास्त्र व्यवहारापुढे कसे नमते याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. गुरुशिष्यांच्या मधून मांजर गेल्यास अहोरात्र अनध्याय पाळावा, असेही मनू चौथ्या अध्यायात सांगतो. पाठ चालू असताना मांजरे मधून जात होती, एवढा निष्कर्ष त्यावरून काढण्यास हरकत नसावी. (विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम सोडली असतील काय, हा प्रश्न मी अध्यापक असल्याने मला पडतो.)

आपल्या विषयाला अधिक उपयोगी स्थळ आहे ते पाचव्या अध्यायात. जमीन पाच प्रकारांनी शुद्ध होते, असे तेथे म्हटले आहे : झाडून, सारवून, पाणी शिंपडून, खरवडून आणि गाईंच्या वास्तव्याने. यातील ‘उल्लेखन’, म्हणजे खरवडणे, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मातीची भुई विटाळली तर तिचा वरचा थर काढून टाकता येत असे. नवी माती चोपायची, त्यावर शेणाचा हात फिरवायचा. डाग आणि वास दोन्ही थराबरोबर गेले. टाइल खरवडता येत नाही. तिच्या सांध्यांत मुरलेला वास आपल्या नाकाला समजत नाही, मांजराच्या नाकाला समजतो, आणि ते पुन्हा त्याच जागी येते. हिंदीत मांजराच्या विष्ठेला ‘न लीपने का न पोतने का’ म्हणतात, कारण गाईच्या शेणासारखी ती सारवायलाही उपयोगाची नाही. ही म्हण भुई सारवणाऱ्या संसारातच जन्मू शकते.

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात : शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीतल्या घराची भिंत मातीची, भुई मातीची, मागे परस, परसात उकिरडा, ज्याला आमच्याकडे उकंडा म्हणतात, आणि चुलीजवळ राखेचा ढीग. मांजराचा पूर्वज हा कोरड्या प्रदेशातला रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले. ते दफन सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. एवढ्या दीर्घ सहवासातही मऊ, भुसभुशीत जागा उकरायची आणि काम झाल्यावर झाकायचे, ही त्याची खोड सुटली नाही. आपल्या घरात त्याला ती शिकवावी लागली नाही, कारण घरच त्या खोडीला अनुकूल होते. विष्ठा काष्ठ, ढेकूळ, पाने, गवत यांचा आडोसा करून करावी, असा नियम मनूने माणसांना घालून दिला आहे. मांजराला तो कोणी सांगितला नव्हता.

मांजरांची संख्या वाढवावी असे सरकारी डॉक्टरला वाटले, असाही एक काळ वऱ्हाडात येऊन गेला. 1896 साली मुंबईत प्लेग उतरला. मराठी स्मरणात तो रँडच्या वधामुळे आणि 1897 साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेल्या सावित्रीबाईंच्या मृत्यूमुळे राहिला आहे. पुढे उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू यांचा संबंध सिद्ध झाला. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगाव मांजरे मोजविली आणि जेथे मांजरे भरपूर तेथे प्लेग शिरत नाही, असे प्रतिपादन 1908 साली इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात केले. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉखनेही तेथे मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. त्या वेळी वाशीम स्वतंत्र जिल्हा नव्हता. 1905 च्या फेररचनेत तो अकोल्यात गेला होता आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. ब्यूकॅननचा तर्क आज पुरता टिकत नाही. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. पण मला येथे दुसरेच काही दाखवायचे आहे. ज्या घरांत ही मांजरे वाढवायची होती त्यांची भुई मातीची होती. घरोघर मांजर ठेवा असे म्हणताना ते घाण कोठे करील, ही चिंता आड येण्याचे कारण नव्हते.

ती चिंता प्रथम कोठे व्यापारी वस्तू झाली हे पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागते. तेथील थंड प्रदेशांत घरात ठेवलेल्या मांजरासाठी लोक पेटीत वाळू किंवा शेगडीची राख ठेवीत. जानेवारी 1947 मध्ये मिशिगन राज्यात एका शेजारणीची वाळू गोठली. राखेने मांजराचे पाय काळे होऊन घरभर ठसे उमटत, म्हणून तिने एड लो या तरुणाकडे वाळू मागितली. त्याने तिला तेल शोषण्यासाठी कारखान्यांना विकली जाणारी मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती दिली. पुढे त्याने तीच पिशव्यांत भरून ‘किटी लिटर’ या नावाने विकली. 1980 च्या दशकात ओलाव्याने गोळा होणारी बेंटोनाइट माती आली. बेंटोनाइट आपल्या कच्छातही निघते. म्हणजे जी राख आणि जी माती आमच्या घरात फुकट पडलेली होती, तीच आता पिशवीत बंद होऊन कुरिअरने येऊ लागली. दरम्यान आमच्याकडे गॅस आला, चूल गेली, राख गेली. 2016 नंतर उज्ज्वला योजनेने खेड्यांतही सिलिंडर पोहोचले. परसावर काँक्रीट आले. आमच्या घरातून माती गेल्याची नोंद कोणी केली नाही. केली ती फक्त त्या मांजरीने, माझ्या दिवाळी अंकांवर.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर मी इतिहासाच्या नादात वैद्यकाला डावलतो असे होईल. सगळ्याच मांजरांचे कारण जमीन नसते. मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा विकार, म्हातारपणीचे सांध्यांचे दुखणे यांमुळेही मांजर भलत्या ठिकाणी बसते. बोका वारंवार कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर ती तासांत जिवावर बेतणारी अवस्था आहे. शेपटी ताठ करून भिंतीवर फवारा मारणे हा प्रकार वेगळा, तो हद्दीचा. त्यावर नसबंदीचा बहुधा उपयोग होतो. मांजराचे नाक घाणीत घासणे किंवा त्याला मारणे यांनी एवढेच साधते की ते आपल्यासमोर बसत नाही, पलंगाखाली जाते. आणि फिनाईल मांजराला विषारी आहे; वास तोडण्यासाठी विकर असलेले द्रावण वापरावे लागते.

म्हणून आम्ही आधी तिला पशुवैद्याकडे नेले. लघवीच्या तपासणीत दोष निघाला नाही. “घरात काही बदललं का?” एवढेच डॉक्टरांनी विचारले. मी नाही म्हणालो. आत्या म्हणाली, “अख्खं घरच बदललं की.”

दुसऱ्या दिवशी तिनेच शेतातून घमेलेभर माती आणली, ऊन दाखवून चाळली आणि जिन्याखाली, माणसांची वर्दळ नाही अशा जागी ठेवली. मी पुढे बाजारची सुगंधी माती आणून पाहिली, ती मांजरीने नाकारली. घमेल्याकडे मात्र ती पहिल्याच संध्याकाळी गेली. बराच वेळ हुंगत राहिली, मग उकरले, बसली, आणि तीनचार वेळा पंजाने माती ओढून झाकले. आता ते घमेले रोज साफ होते, आणि आठवड्याला माती बदलते. दिवाळी अंक गच्चीवर उन्हात पसरले होते. त्यांतले दोन वाचवता आले नाहीत.