लंगर आणि घोडी

दारासुरमच्या ऐरावतेश्वराच्या देवळापुढे बलिपीठाच्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर टकटक केलं की वेगवेगळे स्वर निघतात, म्हणून आता त्यांना लोखंडी जाळी घातली आहे. बाराव्या शतकात, दुसऱ्या राजराज चोळाच्या वेळी बसवलेला हा दगड. त्याला सुरात आणावं लागत नाही. तारेच्या वाद्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. मागच्या पावसाळ्यात मी ताईकडे महिनाभर होतो, तेव्हा त्या घरात दोन वाद्यं बेसूर होती: ताईची वीणा आणि भाच्याची इलेक्ट्रिक गिटार.

ताईचं सासर तंजावरी मराठ्यांच्या दिवसांपासून इकडचंच. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्याला दोनशे वर्षं मागे नेणारी. वीणेचे पडदे पुन्हा बसवून घ्यायला ताईने थोडे पैसे बाजूला ठेवले होते. भाच्याचा डोळा त्यावर होता. "मामा, तुम्हीच सांगा ना आईला," तो म्हणाला. "घोडी बदलली की माझी गिटार सुरात राहील." त्याला हवी असलेली घोडी त्याच्या गिटारीएवढ्याच किमतीची होती. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. न्यायनिवाड्याला बसल्यावर पहिल्यांदा इतिहासच काढला.

ही घोडी तरंगती असते. एका बाजूने सहा तारांचा ओढा, बारीक तारांचा संच असला तरी मिळून चाळीस किलोच्या आसपास. दुसऱ्या बाजूने गिटारीच्या पाठीतल्या खोबणीत बसवलेल्या स्प्रिंगा. मध्ये दोन खिळे, आणि त्यांवर सुरीच्या धारेसारखी कड टेकवून उभी असलेली घोडी. दांडा दाबला की सहाही तारा सैल पडतात आणि स्वर खाली लोळतो. सोडला की घोडी परत जागेवर यायला हवी. १९५४ साली फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर असा दांडा आला तेव्हा त्याला 'ट्रेमोलो' म्हटलं गेलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचा कंप. इथे स्वरच हलतो. पण चुकीचं नाव एकदा चिकटलं की निघत नाही.

दांडा जोरात वापरला की तारा मानेच्या टोकाशी, नटमध्ये, किंचित सरकत आणि तिथेच अडकून बसत. फ्लॉइड रोझ नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने सत्तरच्या दशकात त्या तारा नटवरच स्क्रूने आवळून टाकल्या. दुसरं टोक घोडीत आवळलं. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण दोन्ही टोकं जखडल्यावर खुंट्या निरुपयोगी झाल्या, आणि वाजवताना तार जराशी उतरली तर ती चढवायची कशी? म्हणून पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घोडीवरच बारीक सूर लावायचे छोटे स्क्रू आले. एडी व्हॅन हेलनने ते वाजवले आणि जगभरच्या पोरांना वेड लागलं.

इथे मी ताईला वीणा आणायला सांगितली. वीणेच्या घोडीला तमिळमध्ये 'कुदिरै' म्हणतात, म्हणजे घोडा. आपण घोडी म्हणतो. दोन भाषांना एकच जनावर सुचलं, ही मला फार आवडणारी गोष्ट. त्या घोडीमागे प्रत्येक मुख्य तार एका लंगराला बांधलेली असते: जाड तारेचा फासा आणि त्यावर सरकणारी बारीक कडी. कडी सरकवली की स्वर केसभर चढतो-उतरतो. लाकडी खुंटीने धातूची तार इतकी नेमकी लावणं कठीण, म्हणून ही सोय. मिरजेच्या तंबोऱ्यावर घोडीखाली मणी असतात, तेही हेच काम करतात. व्हायोलिनला पोलादी तार आली तशी तिच्याही शेपटाशी बारीक स्क्रू आले. लंगराला मात्र कुणाचं नाव चिकटलेलं नाही.

पडद्यांना चिकटलं. १५५० साली विजयनगरच्या रामामात्याने 'स्वरमेलकलानिधि' लिहिला. एका रागापुरते पडदे लावलेली वीणा आणि सगळ्या रागांना पुरणारी वीणा, असा फरक त्यात केलेला आहे. पहिल्या प्रकारात राग बदलला की पडदे हलवा. पुढे तंजावूरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, वीणेला २४ पडदे कायमचे बसवले गेले अशी इथली परंपरा सांगते आणि त्यात मंत्री गोविंद दीक्षितांचं नाव घेते. दारासुरमजवळच पट्टीश्वरमच्या देवळात दीक्षितांची आणि त्यांच्या पत्नीची मूर्ती आहे. त्यांचाच मुलगा वेंकटमखी, ७२ मेळांची मांडणी करणारा. सप्तकाला बारा पडदे पक्के झाल्यावरच असं गणित बोटाखाली तपासता येतं.

पडदे पक्के केले, पण स्वर हलवायची सोय सोडली नाही. पडद्यावर तार बाजूला ओढून गमक काढायचा, आणि परत आणायचं काम बोटाचं. रोझने उलट केलं: तारेची टोकं पक्की केली आणि घोडी हलती ठेवली. काय जखडायचं आणि काय मोकळं ठेवायचं, एवढ्याच प्रश्नाची ही दोन उत्तरं. शिवाय वीणेचं जखडणंही मेणाचंच. पडदे काजळी घातलेल्या मेणात बसवलेले असतात. मेण उकाड्याने सरकतं, पण ऊब देऊन पडदा पुन्हा जागेवरही आणता येतो.

"आणि गिटार?" भाचा म्हणाला. त्याचा संयम संपला होता.

गिटार उघडून पाहिली. स्वस्त गिटारीवरच्या नकली घोड्या बऱ्याचदा मऊ जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांची धार लवकर बोथट होते. पण इथे धार बरी होती. खोट खिळ्यांत होती. मऊ लाकडातलं भोक रुंदावून एक खिळा तारांच्या ओढ्याने पुढे कलला होता. त्यावर कितीही महागडी घोडी बसवली तरी ती वाकड्या पायावरच उभी राहणार. शिवाय खिळ्यांमधलं अंतर, खोबणीची खोली, नटची रुंदी ही मापं जुळली नाहीत तर गिटार कोरावी लागणार. तरुण माणसाला हे ऐकायला आवडत नाही. मलाही त्या वयात आवडलं नसतं.

दोन दिवसांनी ताईच्या वीणेचे पडदे बसवायला कारागीर आले. मागच्या गल्लीतल्या रेशमी मागांच्या खटखटीत कान लावून ते एकेक पडदा सरकवत होते. काम संपल्यावर भाच्याने भीतभीत गिटार पुढे केली. त्यांनी खिळा काढला, भोक साफ केलं, पिशवीतून वीणेच्याच फणसाच्या लाकडाचा तुकडा काढून घट्ट खुंटी ठोकली आणि सरळ नवं भोक पाडलं. गोंद रात्रभर वाळू द्या म्हणाले. मग घोडीवरचे सहा छोटे स्क्रू त्यांच्या लक्षात आले. एक फिरवून तार छेडली, पुन्हा फिरवून पुन्हा छेडली.

"हा तर लंगर," ते तमिळमध्ये म्हणाले, आणि ताईकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने नव्या तारा चढवल्या. दांडा दाबून सोडला की पाच तारा जागेवर येतात. सर्वांत बारीक अजून थोडी उतरते. नटवरचा तिचा स्क्रू झिजलेला आहे, तो बदलायचा आहे.