खळ्यावरचा कायदा

वर्षावास संपत येतो आणि आपल्या बोरी परिसरात सोयाबीनच्या गंज्या लागतात. खळ्यावर मळणीयंत्र घरघरू लागते. गंजीवरून पेंढ्या उचलून यंत्राच्या तोंडात टाकणारे हात बहुधा आपल्याच घरातले असतात. त्या हातांच्या रक्षणाचा थोडा इतिहास या स्मरणिकेत नोंदवावा, असे आम्हाला वाटले.

बाबासाहेब घटनेचे शिल्पकार हे आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. पण 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, हे किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबर 1943 मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. 1946 साली बारमाही कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इकडे आपोआप लागू होत नसे.

पुढे स्वतंत्र भारताने 1948 चा कारखाने अधिनियम केला. यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. चालू यंत्राजवळ तपासणीला जाणारा माणूस शिकवलेला व प्रौढ असावा, त्याच्या अंगात घट्ट कपडे असावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असाही नियम होता. म्हणजे जबाबदारी मजुराच्या नशिबावर टाकली नव्हती, मालकावर टाकली होती.

पण खळे म्हणजे काही कारखाना नव्हे. मळणीयंत्रात माणसांचे हात जाऊ लागले, तेव्हा 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रे नियमन कायदा करावा लागला. त्यात मळणीयंत्राचा समावेश झाला आणि जखमी माणसाला भरपाईची तरतूद झाली. 1948 च्या अधिनियमाची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहितेने घेतली. पण तिची मोजणीही साधारण दहा कामगारांपासून सुरू होते. चार बाया आणि एक गडी एवढ्यांचे खळे त्यात कुठे बसणार?

म्हणून आम्ही एक गोष्ट मोकळेपणी लिहितो. आपले आजे-पणजे दुसऱ्याच्या खळ्यावर राबले. आज आपल्यातल्याही कुणाचे यंत्र आहे, कुणी बांधकामाचा ठेका घेतो. मालक आपला असला म्हणून पट्टा काही हात ओळखत नाही! पट्ट्यावर जाळी हवी. पदर खोचून वर सदरा चढवायचा, तर तो सदरा यंत्रवाल्याने द्यावा. अडकलेले काड यंत्र बंद करूनच काढावे. लेकरू यंत्राजवळ फिरकू नये.

इन्स्पेक्टर खळ्यावर येणार नाही. सम्यक आजीव आपण रोज म्हणतो. दुसऱ्याच्या हातावर बेतणारी कमाई त्यात बसत नाही. यंदाच्या मळणीआधी प्रत्येक यंत्रवाल्याने जाळी बसवून घ्यावी, एवढीच आमची विनंती.